थर्मनची जागा

यान्सीव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
११ एप्रिल १९७६

प्रिय थर्मन,

हे पत्र व्हर्जीच्या हातात देऊन "बघ गं, सिस काय म्हणतेय" असं म्हणून मोकळा होऊ नकोस. वीस वर्षं तुझी बायको मला ख्रिसमसची कार्डं लिहितेय आणि खाली तुझं नावही तीच घालते. तुझं अक्षर मी ओळखते रे, मीच तुला ते गिरवायला शिकवलंय. तेव्हा चष्मा लाव, खुर्चीत नीट बस आणि हे तुझं तू वाच.

आधी बरी बातमी. छप्पर गळायचं थांबलं. होझेयाने वर चढून पत्रा बदलला आणि त्या बदल्यात दिवसभर माझं डोकं खाल्लं. काकांच्या सगळ्या पोरांत हाच एक गावात राहिला आणि हाच सगळ्यांत बडबड्या, आपलं नशीब.

आता खरं काम. मागच्या महिन्यात दारात एक गाडी थांबली. मला वाटलं, विमावाला असेल. उतरली एक गोरी बाई, चाळिशीची, केस पिंजारलेले, पायात पुरुषी बूट. मिस हॅलोरन नाव. विद्यापीठात जुन्या गाण्यांचं काहीतरी शिकवते. कोणीतरी तिला सांगितलं म्हणे, की या रस्त्यावर पेटिफर्ड नावाचा एक जण गिटार वाजवतो, तर ती पापांना शोधत आली होती. मी म्हटलं, बाई, पापांना भेटायचं तर तुम्हाला चर्चच्या मागे जावं लागेल आणि ते आता उठून वाजवतील असं काही मला वाटत नाही. बिचारी इतकी ओशाळली की मी तिला आत घेतलं आणि सफरचंदाच्या करंज्या खायला घातल्या.

खाता खाता तिने विचारलं, घरात आणखी कोण वाजवतं? मी म्हटलं, आम्ही दोघं वाजवतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. तोंडातून तसंच निघालं. तू इथून चारशे मैलांवर आहेस आणि वीस वर्षांत तुझ्या गिटारचा एक सूर मी ऐकलेला नाही, हे नंतर लक्षात आलं. तोवर तिने वही काढली होती.

तर तिला आपला अल्बम काढायचाय. मोठी तबकडी, दोन्ही बाजूंनी गाणी, वर आपला फोटो. एक छोटी कंपनी तिच्या ओळखीची आहे. नावही तिने ठरवून टाकलं, "पेटिफर्ड बहीण-भाऊ". मला ते ऐकून काय झालं ते सांगत नाही, तू हसशील.

ये ना रे. उगाच लाडीगोडी लावत नाहीये. माझ्या बोटांची पेरं सकाळी उघडत नाहीत, गरम पाण्यात हात धरून बसावं लागतं. डॉक्टर म्हणतो, हे आता मागे फिरायचं नाही. म्हणजे वाजवायचं तर यंदाच. आणि माझी गाणी एकटीची नाहीतच. मी ओळ म्हणायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात तुझी गिटार उत्तर द्यायची. तंबाखू शेकून वाळवायच्या खोपटात आपण दोघं पोरं पापांच्या समोर बसायचो, आठवतं? मी सगळंच वाजवायला गेले की पापा म्हणायचे, "मेटा, सगळं तूच बोलू नकोस. भावाला जागा ठेव." ती मी अजून ठेवते. सवयच लागली.

वीस वर्षांपूर्वीच्या त्या ख्रिसमसचं मी काढणार नव्हते, पण काढते. मी गिटार तुझ्या पुढ्यात ठेवली, तू ती उचलून परत खिळ्याला टांगलीस आणि बाहेर जाऊन गाडीत बसलास. घरभर पाहुणे, सगळ्यांच्या देखत. पापांना पुरलं तेव्हाही आलास आणि दिवस मावळायच्या आत गेलास. व्हर्जी म्हणते, त्याने देवाचा मार्ग धरलाय. धरावा की. त्या मार्गावर बहिणीचं घर लागत नाही का?

मी भांडत नाहीये. थोडीशीच भांडतेय.

तुझी,
सिस


६ जून १९७६

प्रिय थर्मन,

तुझं उत्तर मिळालं. फिलाडेल्फियाच्या त्या फुटक्या घंटेचं पोस्टकार्ड, मागे व्हर्जीचं अक्षर, "थर्मनला सध्या कामं फार आहेत." अरे, तू निवृत्त झालास ना? कसली कामं? दिवसभर गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवत असशील.

तुझी वाट बघत बसले असते तर बोटांनी राजीनामा दिला असता, म्हणून आम्ही सुरुवात केली. मिस हॅलोरनने पुढच्या खोलीत तिचं यंत्र मांडलं. फ्रिजची घुरघुर ऐकू येते म्हणून तो बंद केला, माझं सगळं लोणी वितळलं. कुत्र्याला होझेयाकडे पाठवलं, तर होझेयाच खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि ऐन गाण्यात खोकला. ते गाणं गेलं. बाकीची झाली. "लाल चिखलाचा रस्ता", "गोदामातल्या शनिवारचं", पापांनी मम्मावर रचलेलं ते खट्याळ गाणं, सगळी. मी छान वाजवलं थर्मन. म्हातारी म्हणून नाही, खरंच छान.

मग ती पंधरवड्याने परत आली आणि मला ऐकवायला फीत लावली. ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणं नुसतं धावत होतं. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी तिच्या अंगावर, पाठीमागे कुत्रं लागल्यागत. मी विचारलं, हे काय? तर ती अगदी हळू, प्रेमाने म्हणाली की मध्ये मध्ये तुमची बोटं थांबत होती, वयाने होतं असं, तर तेवढे तुकडे मी ब्लेडने कापून फीत जोडून घेतली, आता कुणाला कळायचंही नाही.

मी उठले आणि तिला दारापर्यंत पोचवलं. करंजी नाही, काही नाही. पुढे ती फोन करत राहिली, मी उचलला नाही. शेवटी होझेया तिला रस्त्यात भेटला. त्याची बडबड जन्मात एकदा उपयोगी पडली. तो तिला म्हणाला, "बाई, ती थांबत नव्हती. तुम्ही तिच्या भावाला कापलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. नाक लाल, डोळे लाल. कापली ती नक्कल होती, मूळ फीत अख्खी आहे म्हणाली, आणि ती लावून दाखवली. मी ऐकलं. सगळ्या जागा होत्या तिथेच होत्या. मग मी तिला वालाची उसळ आणि मक्याची भाकरी वाढली, कारण रडून आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं. जेवताना तिने विचारलं, शहरातून एखादा चांगला गिटारवाला आणू का, त्या जागा भरायला? मी म्हटलं, ती जागा भाड्याने द्यायची नाही.

पण खरं सांगू? ऐकताना मला स्वतःलाच भीती वाटली. इतक्या मोकळ्या जागा, आणि ऐकणाऱ्याला काय कळणार तिथे कोण होतं ते. तोही म्हणेल, म्हातारी विसरली.

तंबाखूची खुडणी संपली की फीत कंपनीकडे जाईल. तोवर कधीही ये. दार उघडंच आहे.

सिस


२८ जून १९७६

थर्मन,

होझेया पुतण्याच्या लग्नाला फिलाडेल्फियाला गेला होता, हे तुला माहीत नसेल. रविवारी तो तुझ्या चर्चमध्ये बसला होता, मागच्या बाकावर. तुला दिसला नाही. त्याला मात्र तू दिसलास.

परत आल्यावर तो माझ्या ओसरीत उभा राहून हातवारे करून सांगत होता. थर्मन वाजवतो, दर रविवारी वाजवतो, विजेची गिटार, चकचकीत लाल, आणि अंगठा अगदी पापांसारखा चालतो, आणि बाया उभ्या राहून नाचतात. त्याला वाटलं, मला आनंद होईल.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, माझ्या भावाने देवापायी गिटार सोडली. इथल्या आपल्या चर्चमध्ये वाद्याला बंदी, तर मला वाटलं तिथेही तसंच असेल. मी स्वतःची समजूत घातली होती की त्याला गिटारचा सूरसुद्धा सहन होत नसेल म्हणून तो येत नाही. तर गिटार तू सोडलीच नव्हतीस. मला सोडलंस.

मिस हॅलोरनला सांगते, वर एकटीचं नाव घाल. उत्तर पाठवू नकोस. व्हर्जीलाही लिहायला लावू नकोस.

अल्मेटा पेटिफर्ड


१४ जुलै १९७६

माझ्या थर्मन,

व्हर्जीने फोन केला होता. तू केस कापायला गेला होतास तेव्हा. तिच्यावर रागावशील तर माझ्याशी गाठ आहे. माझं ते शेवटचं पत्र तू खिशात घालून हिंडत होतास, जेवत नव्हतास, आणि तिच्याने ते बघवेना. म्हणाली, तुमचा भाऊ मेला तरी सांगायचा नाही, म्हणून मी सांगते.

त्या ख्रिसमसच्या आधी तुझ्या लेकीला, डार्लीनला, ताप आला होता, हे मला माहीत होतं. ताप मेंदूत गेला होता आणि पोर वाचली, एवढं माहीत होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि तू हॉस्पिटलच्या जिन्यात गुडघ्यांवर बसला होतास, हे नव्हतं माहीत. तिथे तू देवाला शब्द दिलास, की तीन वर्षांची पोर माझ्याकडे राहू दे, मी देवाचं सोडून पुन्हा दुनियेच्या गाण्याला हात लावणार नाही. आणि पोर राहिली. आता ती स्वतः आई झालीय.

मी व्हर्जीला विचारलं, मग एवढं मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "तो म्हणायचा, सिसला कळलं तर ती देवाशीच घासाघीस करायला बसेल."

खोटं नाही. बसले असते. म्हटलं असतं, देवा, शनिवारचं नको तर नको, पण बहिणीबरोबरचं एखादं गाणं तरी सोड. आणि तुला त्यातून वाट काढायला लावली असती, आणि तू माझं ऐकलंही असतंस. मग डार्लीनला नुसती सर्दी झाली तरी तुझ्या काळजाचं पाणी झालं असतं. हे तू तेव्हाच ओळखलंस म्हणून गाडीत जाऊन बसलास. आत बसला असतास तर तुझा हात गेला असता गिटारीवर.

मी फोन ठेवला आणि ओट्यावर डोकं टेकून रडले रे. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुला माझी लाज वाटते. माझ्या गाण्यांची, या घराची, लाल चिखलाची. असं काही नव्हतं, हे ऐकून इतकं हलकं वाटलं की वेंधळ्यासारखी हसायलाही लागले. होझेया नेमका तेव्हाच आला आणि घाबरून गेला.

आता नीट ऐक. ती गाणी वाजव असं मी तुला कधीही म्हणणार नाही. शपथ घेऊन सांगते. तू शब्द दिलास, तो तुझा आणि देवाचा, मी मध्ये येत नाही.

पण देवाचं गाणं म्हणायला तर मनाई नाही ना? मम्माच्या वेळी चर्चमध्ये डीकन उभा राहून ओळ द्यायचा, आठवतं? पुस्तकं नसायची, असली तरी वाचता कुणाला यायची. तो एक ओळ भराभर बोलल्यासारखी म्हणायचा आणि मग सगळी मंडळी तीच ओळ ओढत ओढत, सावकाश गायची. तू कोंबड्यांच्या खुराड्यावर उभा राहून त्याची नक्कल करायचास आणि मम्मा एप्रनाआड हसायची. तुझा आवाज त्या डीकनपेक्षा चांगला होता, हे तीच म्हणायची, त्याच्यामागे.

तर तू ये आणि ओळ दे. इथे मंडळी नाही, मी आहे. मी गिटारीवर उत्तर देईन. आयुष्यभर तू मला उत्तरं दिलीस, आता मी देते. तबकडीच्या एका बाजूला माझी गाणी, त्या मोकळ्या जागांसकट. दुसऱ्या बाजूला तू. वर नाव दोघांचं. मिस हॅलोरनशी बोलले, तिला कल्पना इतकी आवडली की तिने माझा हात दाबला, दुखरा हात.

ऑगस्टमध्ये चर्चचा मेळा आहे. गाव सोडून गेलेले सगळे येतात, झाडाखाली जेवणं होतात. व्हर्जीला घेऊन ये. मी हॅम शिजवते. नाही आलास तरी मी रागावणार नाही, हे मात्र मी उगाच लिहितेय, रागावेन.

तुझी सिस


३० ऑगस्ट १९७६

लाडक्या थर्मन,

तू गेलास आणि घर एकदम मोठं झालं. व्हर्जीने माझी सगळी भांडी वेगळ्याच कपाटात लावून ठेवलीत, मी रोज सकाळी कढई शोधते आणि तिचं नाव घेते. चांगल्या अर्थाने घेते, सांग तिला.

चर्चमधल्या बायका अजून तुझंच बोलताहेत. टक्कल पडलं तरी चाल तीच आहे म्हणे. आणि किती जेवलास रे! त्यांच्यातल्या लेनोराने तुझ्या ताटात चौथ्यांदा कोंबडी वाढली तेव्हा व्हर्जीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला मात्र तू जेवताना बघत बसावंसं वाटत होतं. माझं जेवण राहिलंच त्यात.

आपल्या चर्चच्या ब्रदर व्हिटलोंना कुठून तरी कळलं की आपण मम्माच्या वेळचं चर्चचं गाणं गिटारीवर म्हटलं. ते मला अडवून म्हणाले, देवाच्या गाण्याला वाद्य? मी म्हटलं, ते चर्च नव्हतं, माझी पुढची खोली होती, आणि तिथे फ्रिजसुद्धा असतो. ते अजून विचार करताहेत.

तबकडीची तुझी बाजू मी ऐकली. पहिल्या ओळीला तुझा आवाज चिरकला, ते मिस हॅलोरन ठेवणार आहे आणि माझंही तेच म्हणणं. पुढे तो असा उघडत गेला की मला उत्तर देताना हात दुखतोय हे कळलंसुद्धा नाही. मम्मा असती तर तिला एप्रन पुरला नसता.

आता एक गोष्ट सांगायचीय. तोंडावर सांगायला हवी होती. तू बसमध्ये बसेपर्यंत ती माझ्या जिभेवर होती आणि मी गिळली, कारण तू इतका खुशीत होतास.

शेवटच्या दिवशी मी म्हटलं ना, की तू खोलीत नुसता बस, मी माझी गाणी पुन्हा वाजवते, तू असलास की बरं वाजेल. तू म्हणालास, नुसतं बसायला काय जातं. तुझी खुर्ची मी डावीकडे ठेवली, पूर्वी असायची तिथे. तू हॅट मांडीवर घेतलीस आणि दोन्ही हातांनी अशी गच्च धरलीस, जशी कोणी हिसकावून नेणार आहे. का धरलीस ते मला समजलं. मी तुझ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि वाजवायला लागले.

पहिली ओळ म्हटली, थांबले. आणि त्या जागेत आवाज आला. लाकडी जमिनीवर बूट. एक, मग घाईने दोन, मग टाच ओढलेली. तुझ्या गिटारची तीच चाल, सूर नाहीत एवढंच. मिस हॅलोरनने कानावरचं यंत्र दाबून धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच म्हटलं, बोलू नका. पुढच्या जागेत पुन्हा. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक जागेत. चोरून बघितलं, तर तुझे डोळे मिटलेले होते, हॅट हातात तशीच, आणि पाय आपला बोलत होता. तुला पत्ता नव्हता, थर्मन. मी शपथेवर सांगेन, तुला पत्ता नव्हता.

मी कशी वाजवत राहिले, मला माहीत नाही. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तुला वाटलं बोटं दुखताहेत. तू मला मलम आणून दिलंस.

आता ते फितीवर आहे. मिस हॅलोरन म्हणते, या जागांमध्ये आता कोण आहे ते बहिऱ्यालाही कळेल. होझेया म्हणतो, शब्द हाताचा होता, पायाचा नाही. त्याला म्हटलं, तू गप्प बस, तू देवाचा वकील नाहीस. मीही नाही. मी घासाघीस करणार नाही असं तुला लिहून दिलंय, आणि मोह मला किती झालाय ते मलाच माहीत.

म्हणून फीत तुझ्याकडे पाठवतेय, याच पुडक्यात आहे. डार्लीनच्या नवऱ्याकडे यंत्र आहे म्हणालास, त्यावर ऐक. उन्हाळ्यातली पहिली फीतही अजून आहे, नुसत्या रिकाम्या जागांची. तू नको म्हटलंस तर ती कंपनीकडे जाईल आणि ही तुझ्याकडे राहील, जाळ, पुर, काय वाटेल ते कर. मी एक अक्षर बोलणार नाही. तेव्हाही तू माझा भाऊ, वर नाव दोघांचंच. पण तुला न विचारता तुझा पाय जगाला ऐकवणार नाही. एवढं मात्र लवकर कळव, सप्टेंबर संपायच्या आत तबकड्या छापायला जातात.

आणि माझ्यासाठी हो म्हणू नकोस. मी भरून पावले. तू डावीकडे बसला होतास.

तुझी सिस


२० सप्टेंबर १९७६

थर्मन,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर. मी ते पोस्टाच्या पेटीपाशीच उघडलं, घरापर्यंत धीर निघाला नाही. 'टी'ला अजून उगाच शेपूट काढतोस, इतकं सांगूनसुद्धा.

व्हर्जीने फोनवर आधीच थोडं सांगितलं होतं. डार्लीनच्या स्वयंपाकघरात तुम्ही सगळे बसलात आणि फीत लावली. पहिल्या जागेला डार्लीनच आधी म्हणाली, हा तर डॅडींचा पाय. आणि तू नातीला मांडीवर घेऊन पूर्ण फीत ऐकलीस, मग उलटी फिरवून पुन्हा लावायला सांगितलीस. घरी जाताना वाटेत व्हर्जीशीही बोलला नाहीस. हे ऐकल्यापासून माझा जीव टांगणीला लागला होता. मला वाटलं, गेला. पुन्हा गाडीत जाऊन बसला.

तर पत्रात तू शब्दाविषयी एक अक्षर लिहिलेलं नाहीस. देवाविषयी नाही. ठेव किंवा काढ, तेही नाही. तू लिहिलंयस, "सिस, तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर माझा पाय उशिरा पडलाय. तुझ्या बोटांकडे बघत होतो. असं छापू देऊ नकोस. त्या बाईंना विचार, तेवढं परत घ्यायला वेळ आहे का. असेल तर मी शुक्रवारच्या बसने येतो."

हे मी ओसरीत उभी राहून मोठ्याने वाचलं. होझेयाला नाही, कुणालाच नाही, अशीच.

मिस हॅलोरनला लगेच फोन केला. वेळ आहे म्हणाली. फ्रिज मी गुरुवारीच बंद करून ठेवते.

आणि तू परत पाठवलेल्या फितीवरचं तिसरं गाणं मी काल दिवसभर ऐकलं, थर्मन, मिस हॅलोरन इथेच ठेवून गेलेल्या यंत्रावर. पुन्हा पुन्हा लावून, डोळे मिटून ऐकलं. तुझा पाय उशिरा पडलेला नाही. कुठेच नाही. तुलाही हे ठाऊक असणार, आपल्या दोघांत कान तुझाच पक्का.

हे मी मिस हॅलोरनला सांगितलेलं नाही. तू ये.

सिस